उजव्या हाताची दोन बोटे

१९८२ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी एका नव्या संगीतगृहाचे उद्घाटन झाले. शहराच्या वाद्यवृंदासाठी मुद्दाम बांधलेली ती वास्तू होती आणि समारंभ मोठा होता. त्या रात्री पियानोवर बसणारा कलावंत त्याच शहरात राहणारा, तिथल्या पीबॉडी संगीत विद्यालयात वीसहून अधिक वर्षे शिकवणारा होता. लिऑन फ्लायशर त्याचे नाव. उजव्या हाताने दगा दिल्यापासून सतरा-अठरा वर्षे तो डाव्या हाताने वाजवीत आला होता. आज तो दोन्ही हातांनी वाजवणार होता. बेथोवेनचा चौथा कॉन्चेर्टो वाजवायचा असे आधी ठरले होते. तो बाजूला ठेवून त्याने सेझार फ्रांकची एक आटोपशीर, हाताला सोसेल अशी रचना निवडली. ती संपली तेव्हा लोकांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी या पुनरागमनाचे कौतुक केले.

त्या साऱ्या गर्दीत असमाधानी असा एकच माणूस होता, आणि तो पियानोवर बसला होता. हात बरा झालेला नाही हे त्याला ठाऊक होते. लोक ज्याला टाळ्या देत होते तो फ्लायशर या पियानोवर बसलेलाच नाही, आपण एका गोड गैरसमजाचे धनी होत आहो, असे त्याला वाटत राहिले. पुढचे दोन हातांनी वाजवायचे बेत त्याने सोडून दिले आणि तो पुन्हा आपल्या डाव्या हाताकडे आणि विद्यार्थ्यांकडे परत गेला.

या माणसाविषयी मी पुष्कळ दिवस विचार करीत आलो आहे. त्याने किती मैफली गाजवल्या हा माझ्यापुढचा प्रश्न नाही. ज्याला आपण 'माझे काम' म्हणतो ते नेमके कोठे असते, ज्या हाताने ते होते तो हात गेला तर ते काम उरते काय, आणि उरले तर ते कोणाचे, हे प्रश्न त्याच्या आयुष्यात जसे स्वच्छ दिसतात तसे इतरत्र सहसा दिसत नाहीत.

एरवी हे प्रश्न आपल्या घराघरांतून निराळ्या रूपाने वावरतच असतात. दिवाळीच्या आधी आठ दिवस ज्या म्हातारीचा शब्द स्वयंपाकघरात शेवटचा, तिच्या हातून आता सोऱ्या फिरत नाही. ती पाटावर बसून कढईकडे नुसता कान लावते आणि सुनेला सांगते, "थांब गं, तेल अजून तापलं नाही." मग ती चकली कोणाची? जिने पाडली तिची, की जिने कानाने तळली तिची? सून समंजस असली तर हा प्रश्न निघत नाही. पण म्हातारीच्या मनात तो रोज निघत असला पाहिजे.

फ्लायशरचा जन्म १९२८ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आईबाप पूर्व युरोपातून आलेले गरीब यहुदी. बाप टोप्या शिवण्याच्या धंद्यात. घरात पियानो आला तो थोरल्या भावासाठी. शिकवणी संपली की भाऊ खेळायला पळे आणि धाकटा तिथे बसून त्याचा धडा वाजवून दाखवी. आईने हे ओळखले आणि शिकवणी धाकट्याकडे वळली. आईची महत्त्वाकांक्षा अशी की, मुलगा एक तर अमेरिकेचा अध्यक्ष तरी व्हावा, नाही तर मोठा पियानोवादक तरी. अशा आया आपल्या ओळखीच्या आहेत. मुलाच्या हाताने त्यांना स्वतःचे राहून गेलेले काहीतरी वाजवायचे असते. हे वाईट असे मी म्हणत नाही. या वेडावाचून पुष्कळ गुणी मुले घराच्या कोपऱ्यात विझून गेली असती. पण आईचे हे वेड वाचकांनी मनात ठेवावे. पुढे गुरूच्या संदर्भात ते पुन्हा भेटणार आहे.

मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना त्याला आर्टुर श्नाबेलसमोर नेण्यात आले. सोळा वर्षांखालच्या मुलाला न शिकवण्याचा श्नाबेलचा नियम होता. हितचिंतकांनी युक्तीने मुलाला त्याच्यासमोर पियानोवर बसवले आणि नियम मोडला. पण श्नाबेलने एक अट घातली: मुलाने लोकांपुढे वाजवणे बंद करायचे. बालचमत्कार म्हणून मिरवणाऱ्या पोराच्या आईला ही अट किती जड गेली असेल! तरी ती मान्य झाली आणि १९३८ च्या उन्हाळ्यात मायलेक इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी श्नाबेलच्या घरी पोहोचली.

हा श्नाबेल कोण हे दोन शब्दांत सांगायला हवे. बेथोवेनच्या बत्तीसही सोनाटा पहिल्यांदा ध्वनिमुद्रित करणारा तो हा श्नाबेल. ते काम १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत झाले. तो शिकला लेशेटिट्स्कीपाशी, लेशेटिट्स्की चेर्नीपाशी आणि चेर्नी खुद्द बेथोवेनपाशी. घराणे म्हणजे काय हे ज्यांना सांगावे लागत नाही अशा मराठी वाचकांना या परंपरेचे मोल वेगळे समजावून द्यायला नको. लेशेटिट्स्कीने तरुण श्नाबेलला म्हणे असे सांगितले होते की, तू पियानोवादक कधी होणार नाहीस, तू संगीतकार आहेस. हे निंदेचे बोल की स्तुतीचे यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. मला ते एखाद्या भाकितासारखे वाटतात. फक्त ते श्नाबेलच्या बाबतीत खरे न होता त्याच्या शिष्याच्या बाबतीत खरे व्हायचे होते.

श्नाबेलकडे एकेकट्याची शिकवणी नसे. एक जण वाजवी आणि बाकीचे शिष्य बसून ऐकत. दुसऱ्याला सांगितलेले आपल्याला अधिक नीट ऐकू येते हे ज्याने कोणी प्रथम ओळखले तो मोठा शिक्षक असला पाहिजे. आपल्यावर बोलणी बसत असताना कान आत वळलेले असतात. दहा वर्षे अशी गेली आणि मग एकोणीस वर्षांच्या शिष्याला श्नाबेलने निरोप दिला: आता तुझे तू बघ. मुलाला अनाथ झाल्यासारखे वाटले.

त्याआधीच, १९४४ साली, सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाबरोबर ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्टो वाजवून त्याने नाव मिळवले होते. संचालक पिएर माँतो त्याच्यावर इतका खूष होता की, या शतकातला पियानोचा शोध म्हणून तो त्याचा उल्लेख करी. १९५२ साली ब्रुसेल्समध्ये बेल्जियमच्या राणी एलिझाबेथच्या नावाने भरणारी स्पर्धा त्याने जिंकली. ती जिंकणारा तो पहिला अमेरिकन. मग क्लीव्हलंडचा वाद्यवृंद आणि त्याचा करडा संचालक जॉर्ज सेल यांच्याबरोबर बेथोवेनचे पाच आणि ब्राम्सचे दोन कॉन्चेर्टो मुद्रित झाले. कॉन्चेर्टो म्हणजे एका पियानोचा ऐंशी-नव्वद वाद्यांशी संवाद. कधी विनवणी, कधी झुंज. त्या ध्वनिमुद्रिका आजही जाणकार जपून ठेवतात. यशाच्या या काळाविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे मला काही सापडत नाही. यशस्वी माणसांची चांगली वर्षे एकमेकांसारखीच असतात.

१९६४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी वाजवता वाजवता आत वळू लागल्या. दुखत नव्हते, खुपत नव्हते. कोटाची बटणे लावता येत, जेवता येई. पियानोवर हात ठेवला की तेवढी दोन बोटे तळव्याकडे ओढली जात. पुढल्या वर्षी सेल आणि क्लीव्हलंडचा वाद्यवृंद यांच्याबरोबर रशियाचा दौरा ठरला होता. हाताची अवस्था ऐकून सेलने त्याला सांगितले की, तू येऊ नयेस. दौरा त्याच्यावाचून गेला.

या व्याधीचे खरे नाव कळायला पाव शतकाहून अधिक काळ जायचा होता. वैद्यक तिला आज फोकल डिस्टोनिया म्हणते. धंद्याने वादक असलेल्यांपैकी शंभरांत सुमारे एकाला ती होते असे मानतात. दोष स्नायूंत नसून मेंदूत असतो. मेंदूत प्रत्येक बोटाची आपापली जागा असते. तीच ती हालचाल लाखो वेळा झाली म्हणजे काही माणसांत शेजारशेजारच्या या जागांचे बांध पुसट होतात आणि एका बोटाला दिलेला हुकूम दुसरे बोटही पाळू लागते. रॉबर्ट शूमानचा उजवा हात तरुणपणी निकामी झाला, तोही याच विकाराने, असे आज काही जाणकारांना वाटते.

फ्लायशरने स्वतः या दुखण्याचा दोष आपल्या सरावाच्या पद्धतीला दिला. दिवसाचे सात-सात, आठ-आठ तास तो पट्ट्यांवर बोटे आपटीत असे, पुष्कळदा मन दुसरीकडे असताना. केवळ अतिसरावाने हा रोग होतो असे वैद्य म्हणणार नाहीत. तितकाच सराव केलेले हजारो वादक धडधाकट आहेत. तरी या कबुलीपाशी मी थबकतो. आपल्याकडे रियाजाच्या कथा पुराणातल्या तपश्चर्येसारख्या सांगतात. बोटांतून रक्त येईपर्यंत वाजवले, शेंडी खुंटीला बांधून रात्र जागून काढली, आणि ऐकणाऱ्याने हात जोडायचे. कष्ट हे आपोआपच पुण्य, अशी आपली समजूत आहे. कान बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी केलेला कष्ट हा एक प्रकारचा आळसच आहे, असे कोणी म्हटले तर ते आपल्याला पाखंड वाटेल. पण फ्लायशर उरलेले सारे आयुष्य विद्यार्थ्यांना हेच सांगत आला, आणि हे सांगण्याची किंमत त्याने आधी मोजली होती.

पुढची काही वर्षे काळोखाची होती. त्याने केस वाढवले, स्कूटर घेतली, संसार मोडला. जीव द्यावा असेही मनात येऊन गेले. संमोहनापासून सुया टोचून घेण्यापर्यंत एकही उपाय त्याने सोडला नाही. रोज सकाळी आज हात उघडेल म्हणून पियानोजवळ जायचे आणि हात मिटलेलाच असायचा. या काळाविषयी तो पुढे मोकळेपणाने बोलला आणि २०१० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने ते लिहिलेही. मात्र दुःखातून माणूस उजळून निघतो वगैरे वाक्ये लिहिण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ही वर्षे घाईने ओलांडू नयेत. त्या वर्षांत तो उजळत नव्हता. तो फक्त रोज उठत होता.

आता डाव्या हाताची गोष्ट सांगायला हवी, आणि त्यासाठी व्हिएन्नाला जायला हवे. तत्त्ववेत्ता लुडविग विट्गेन्श्टाइनचा थोरला भाऊ पॉल हा पियानोवादक होता. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच, १९१४ साली, पूर्व आघाडीवर त्याचा उजवा हात गेला आणि तो रशियनांच्या कैदेत पडला. सुटून आल्यावर त्याने एका हाताने वाजवायचे ठरवले. घर अतोनात श्रीमंत. तेव्हा त्याने त्या काळच्या मोठमोठ्या रचनाकारांकडून केवळ डाव्या हातासाठी कृती लिहवून घेतल्या. राव्हेलने त्याच्यासाठी जो कॉन्चेर्टो लिहिला तो १९३२ च्या आरंभी व्हिएन्नात वाजला. तो डोळे मिटून ऐकावा. पियानोवर एकच हात फिरतो आहे हे सांगूनही पटत नाही. त्यातली खुबी अशी की, डाव्या हाताचा अंगठा उंच सुरांच्या बाजूला येतो. बोटांतले सर्वांत बळकट बोट गाणे गाते आणि उरलेली चार बोटे खालून त्याची साथ करतात. उजव्या हातात हेच गाणे दुबळ्या करंगळीच्या वाट्याला येते.

पण या पॉल विट्गेन्श्टाइनचा स्वभाव मला नेहमी कोड्यात टाकतो. पैसे देऊन लिहवून घेतलेल्या या कृती तो आपली मालमत्ता समजे. राव्हेलच्या रचनेत त्याने परस्पर बदल केले आणि दोघांचे वाजले. प्रोकोफिएव्हने १९३१ साली लिहून दिलेला कॉन्चेर्टो आपल्याला उमगत नाही म्हणून त्याने कधी वाजवला नाही. तो १९५६ साली बर्लिनमध्ये प्रथम वाजला, आणि वाजवणारा झिगफ्रीड राप हा दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेला जर्मन होता. हिंडेमिटने १९२३ साली लिहिलेली कृती तर विट्गेन्श्टाइनने पेटीत ठेवून दिली, ती त्याच्या मरणानंतरही पेटीतच राहिली. जे आपल्याला वाजवता येत नाही ते दुसऱ्यालाही वाजवू न देणे हे तसे कायद्याला धरून होते. हात गमावलेल्या माणसाने उरलेल्या हाताची मूठ किती घट्ट आवळावी याला नियम नाही. त्याला बोल लावायला आपण कोण? तरी मला ती मूठ पाहवत नाही.

फ्लायशरने या कृती जवळ केल्या त्या आधी नाइलाज म्हणून. पुढे त्या त्याने इतक्या ठिकाणी वाजवल्या की, राव्हेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्टो म्हटला की एका पिढीला त्याचेच नाव आठवे. काही नवे रचनाकारही त्याच्यासाठी लिहू लागले. १९६८ च्या सुमारास वॉशिंग्टनमध्ये त्याने सहकाऱ्यांसह थोड्या वाद्यांच्या मैफली करणारा एक संच उभा केला. वाद्यवृंदाच्या संचालनाला त्याने हात घातला. अॅनापोलिसमध्ये, मग बाल्टिमोरमध्ये. जो आयुष्यभर मध्यभागी बसला तो आता दुसऱ्यांना वाजवायला सांगत उभा राहिला. यात तो सेलइतका मोठा झाला नाही आणि तसा त्याचा दावाही नव्हता.

त्याचे खरे घर झाले ते शिकवणे. पीबॉडीत तो १९५९ पासूनच होता. हात धड होता तेव्हा इतरांसारखेच शिकवी. म्हणजे विद्यार्थ्याचे चुकले की त्याला खुर्चीवरून उठवायचे आणि 'हे असे' म्हणून वाजवून दाखवायचे. आपल्याकडचे गाणेही असेच शिकवतात. गुरूने तान घ्यायची, शिष्याने ती उचलायची. हात गेल्यावर हा मार्ग बंद झाला. खुर्चीवर बसून दाखवण्यासारखे काही उरले नाही. आता जे सांगायचे ते शब्दांनी सांगणे भाग होते, आणि शब्द शोधताना त्याच्या ध्यानात आले की, पुष्कळ गोष्टी आपण नुसत्या वाजवीत होतो, आपल्याला त्या ठाऊक नव्हत्या.

त्याने शोधलेल्या शब्दांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो म्हणे की, वाजवणाऱ्याच्या अंगात एकाच वेळी तीन माणसे हवीत. पहिला, वाजवण्याच्या आधी सूर मनात ऐकणारा. काय हवे आहे हे त्याला पक्के ठाऊक असते. दुसरा, प्रत्यक्ष पट्ट्या दाबणारा. तिसरा थोडा दूर बसलेला. जे निघाले ते तो ऐकतो आणि पहिल्याने मागितले होते ते हेच का, हे दुसऱ्याला सांगतो. हे तिघेही सारखे जागे असले पाहिजेत. पहिला झोपला की हाताला काम उरते पण दिशा राहत नाही, आणि तिसरा झोपला की माणूस आपल्याच वाजवण्यावर खूष होतो.

फ्लायशरच्या बाबतीत काय झाले हे या हिशेबाने पाहावे. त्याचा दुसरा माणूस लुळा पडला. पहिला आणि तिसरा जसेच्या तसे होते; उलट दुसऱ्याचा गलबला थांबल्यामुळे त्यांना अधिक ऐकू येऊ लागले. संगीताशी असलेले आपले नाते दोन हातांनी पियानो वाजवणारा एवढ्यापुरते नाही हे आपल्याला एकदम उमगले, असे तो पुढे सांगे. मग ज्याला स्वतःला ते वाजवता येत नाही त्याला शिकवण्याचा अधिकार काय, या जुन्या आक्षेपाचे उत्तर मिळते. दुसरा माणूस ज्याचा त्यानेच आणायचा असतो. तरुण मुलांपाशी तो बहुधा असतोच, कित्येकदा नको इतका असतो. नसतो तो पहिला. आणि तिसरा असला तर तो परीक्षकांना घाबरलेला असतो. गुरूने द्यायचे ते हे दोघे.

येथे आईची आठवण पुन्हा होते. ज्याचा हात गेला त्याच्यापुढे रोज धडधाकट हातांची विशी-बाविशीची मुले बसतात. यांपैकी एखाद्याच्या हाताने आपला राहून गेलेला ब्राम्स वाजवून घ्यावा हा मोह किती मोठा असेल! मुलांच्या आयुष्यातून आपली अपुरी आयुष्ये पुरी करून घेणारी माणसे घरोघर आहेत. त्यांना आपण प्रेमळ म्हणतो, आणि ती प्रेमळ असतातही. फ्लायशर यातून सर्वस्वी सुटला असे मी कशाच्या बळावर सांगू? माणसाच्या मनातले कोण जाणतो. पण त्याचे शिष्य पाहावेत. आंद्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन, जोनाथन बिस. वॉट्स आवेशाचा, ब्रॉन्फमन बळाचा, बिस विचाराचा आणि लेखणीचाही. एकाच्या वाजवण्यावरून दुसऱ्याचा गुरू ओळखता येणार नाही. ज्या घराण्यात शिष्य एकमेकांसारखे वाजवीत नाहीत तिथे गुरूने त्यांना आपला हात बनवले नसावे, एवढा तर्क करायला हरकत नाही. स्वतः वाजवून दाखवता येत नव्हते याचाही हा लाभ असेल; नक्कल करायला समोर नमुनाच नव्हता.

लाभ हा शब्द मी आताच लिहिला आणि लिहिताच मला त्याची लाज वाटली. कारण इथेच ती दुसरी अडचण येते, जिच्यासाठी खरे तर मी हा लेख लिहायला घेतला. फ्लायशरची कथा ऐकणारे बहुतेक जण शेवटी म्हणतात, झाले ते एका परीने बरेच झाले. हात गेला नसता तर आणखी शे-दोनशे मैफली झाल्या असत्या. हात गेला म्हणून एक थोर शिक्षक मिळाला. आपल्याकडेही अशीच एक कथा सांगतात. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी आमलेटा संस्थानात अतोनात गाऊन बसला. तो परत आला तेव्हा पूर्वीचा उरला नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला सोसेल अशी वक्र, बळदार गायकी त्यांनी घडवली आणि ती पुढे कोल्हापूर-मुंबईतून महाराष्ट्रभर पसरली. केसरबाई, मोगूबाई ऐकून तृप्त झालेला रसिक मान डोलावून म्हणतो, आवाज बसला म्हणून तर हे मिळाले!

हे म्हणण्याचा अधिकार रसिकाला आहे काय? ज्याचा आवाज बसला तो त्या दिवसांत रसिकाच्या तृप्तीसाठी मुका झालेला नव्हता. दुसऱ्याच्या हानीचा जमाखर्च आपण मांडायचा आणि जमेची बाजू आपल्या खात्यावर लिहायची, ही सज्जन माणसांची एक सवय आहे. विधवेला आपण म्हणतो, पण मुलांचे किती चांगले केलेस. जणू ते त्या मरणाचे फळ होते. आपल्याला तिचे दुःख सोसवत नाही म्हणून आपण त्याला अर्थ देतो. फ्लायशर स्वतः उतारवयात म्हणाला की, पुन्हा जगायला मिळाले तर हे टळावे असे आपण मागू की नाही हे आपल्याला नक्की सांगता येत नाही. हे वाक्य त्याच्या तोंडी शोभते, कारण 'नक्की सांगता येत नाही' यात तीस वर्षांच्या रोजच्या सकाळी आहेत. तेच वाक्य तुम्ही-आम्ही उच्चारले की त्यातले 'नक्की' तेवढे उरते आणि बाकीचे गळून पडते.

म्हणूनच १९८२ ची ती रात्र मला त्याच्या आयुष्यातली मोठी रात्र वाटते. लोकांना सुखान्त हवा होता आणि तो देणे सोपे होते. आणखी दहा-वीस मैफली तशाच निभावून नेता आल्या असत्या. हाताला सोसतील अशा रचना निवडल्या असत्या तर ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना कळले असते? पण त्याच्यातला तो तिसरा, दूर बसून ऐकणारा, जागा होता.

पुढे १९९० नंतर व्याधीचे निदान झाले. बोट्युलिनमचे विष अगदी थोड्या मात्रेने हातात टोचले की आखडणारे स्नायू सैल पडतात, हा उपाय सापडला. त्याला खोल मर्दनाची जोड मिळाली आणि बोटे उघडू लागली. परिणाम काही महिन्यांचा. मग पुन्हा टोचणे. आपण बरे झालेलो नाही हे तो प्रत्येक वेळी आवर्जून सांगत राहिला. १९९५ पासून तो हळूहळू दोन्ही हातांनी लोकांपुढे वाजवू लागला आणि २००४ साली त्याची नवी ध्वनिमुद्रिका निघाली, तिचे नावच 'दोन हात' असे होते. तीत शूबर्टची अखेरची मोठी सोनाटा आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बर्लिनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. विट्गेन्श्टाइनने पेटीत बंद करून ठेवलेली हिंडेमिटची ती कृती २००२ साली अमेरिकेत सापडली होती. सायमन रॅटलच्या संचालनाखाली ती एक्याऐंशी वर्षांनी प्रथम लोकांनी ऐकली, आणि पियानोवर फ्लायशर होता. उजवा हात आता पुष्कळसा त्याच्या बाजूला होता. ती रचना मात्र डाव्याच हाताची होती.

२०२० च्या ऑगस्टमध्ये, बाल्टिमोरलाच, ब्याण्णवाव्या वर्षी तो वारला. जवळजवळ अखेरच्या आठवड्यापर्यंत तो शिकवीत होता.

माझ्यापाशी त्याने वाजवलेल्या ब्राम्सच्या पंचकाची दोन मुद्रणे आहेत. चार तंतुवाद्ये आणि एक पियानो अशी ती रचना आहे. एक १९६३ च्या सुमाराचे, हात जाण्याच्या थोडे आधीचे, ज्युलियार्ड चौकडीबरोबर केलेले. दुसरे २००७ साली निघालेले, एमर्सन चौकडीबरोबरचे. मध्ये चार तपांना थोडीच कमी इतकी वर्षे गेली. दुसऱ्या मुद्रणात तो तंतुवाद्यांना अधिक वाव देतो आहे, ऐकून मग बोलतो आहे, असे मला ऐकू येते. पण हे मला ठाऊक असलेल्या कथेमुळे ऐकू येत असेल अशी शंकाही येते. म्हणून गेल्या दिवाळीत मी काही न सांगता दोन्ही मुद्रणे माझ्या पुतणीला ऐकवली. ती तबला शिकते, पियानोचे तिला काही कळत नाही. दोन्ही नीट ऐकून घेऊन ती म्हणाली, "काका, मला पहिलं आवडलं. पहिल्यात तो घाबरत नाहीये."

मी तिला ते पुन्हा लावून दिले.